रंग ओला होता

पेडणे,
शुक्रवार, ३० सप्टेंबर २०२२

प्रिय शांताराम,

माझं अक्षर ओळखलंस तर आधी चार शिव्या घाल आणि मग पुढे वाच. पंचवीस वर्षांत ज्याने एक पोस्टकार्ड टाकलं नाही, त्याने एकदम एवढी पानं पाठवली की वाटतं कुणीतरी गेलं. तसं काही नाही. घरी सगळी धडधाकट आहेत, मी तर अंमळ जास्तच. पोट इतकं पुढे आलंय की गाडीखाली शिरायचं तर जॅक आणखी चार बोटं चढवावा लागतो. हे पत्र मी तुझ्या सुमंगलाच्या हाती देणार आहे, तिच्या गाडीबरोबर. आत कामाचे तपशील आहेत असं तिला सांगितलंय. ते खोटं नाही. फक्त तपशील दोन कामांचे आहेत, एक या आठवड्यातलं आणि एक पंचवीस वर्षांपूर्वीचं. त्या जुन्या कामाबद्दल तुला खरं सांगितल्याशिवाय हे नवं काम तुझ्या अंगणात पाठवायला माझं मन धजत नाही.

तुझी मुलगी चतुर्थी आटोपल्यावर एका सकाळी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. मोपाला विमानतळ व्हायला लागल्यापासून माझ्याकडे अनोळखी माणसं बरीच येतात, कुणाचं गेट, कुणाचा ट्रॉलीचा दांडा. मी मान वर न करताच विचारलं, काय मोडलंय. ती म्हणाली, मोडलेलं काही नाही, मोडू नये म्हणून आलेय. आवाज तुझा नव्हे, पण उत्तर तुझंच. वर बघितलं तर तुझ्या भुवया आणि बोलताना एक खांदा उचलायची तुझी खोड. नावगाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, कारण मला जरा वेळ हवा होता. तळकटच्या शांतारामची, म्हणाली, आणि पुढे तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. "बाबा म्हणतत, करून घेवचा तर गोकुळदासकाकांकडसून. तो काम अर्धा सोडणारो न्हय." शांताराम, त्या वेळी कुणी माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. मी तिला स्टूल दिलं, चहा मागवला आणि पाठ फिरवून उगाचच पाने शोधत राहिलो.

पोरगी तिखट आहे. तिलारीकडे येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरातल्या वाटांनी फिरवते, काजूच्या दिवसांत बागेतून बिया उतरवते, आणि पावसाळ्यात चिखलात गाड्या घालायच्या शर्यती असतात त्यांनाही जाते, हे सगळं तिने चहा संपायच्या आत सांगितलं. मला तिचा अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली, कारण तो वाटून घ्यायचा मला हक्क काय? तिची अडचण सरळ होती. चिखलासाठी तिने मोठे, खोल नक्षीचे टायर घातले, तशी स्टेपनीही मोठी झाली, आणि मागच्या दाराला तो भार सोसेना. बिजागरीपाशी पत्रा केसाएवढा चिरला होता. दार उघडलं की खाली लोंबायचं, लावताना गुडघ्याने उचलावं लागायचं. मी म्हटलं, दारावर भार टाकायचाच नाही. मागे नवा बंपर करू, तो थेट चासीला धरू, बंपरवर बाहेरच्या बाजूला उघडणारा एक मजबूत हात बसवू, आणि स्टेपनी त्या हातावर. तिने मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले फोटो दाखवले. मी म्हटलं, बाये, फोटो झकास आहेत, पण त्यांतला एकही रस्ता तुझ्या गावाला जात नाही.

काम कसं केलं ते लिहितो, कारण तुला ते समजतं. आधी पुठ्ठा कापून मापं घेतली. चासीच्या दोन्ही टोकांना जाड पट्ट्या धरल्या, प्रत्येकीला चार बोल्ट. ज्या खुंटावर तो हात फिरतो तो खुंट म्हापशाला लेथवर करून घेतला, आत ट्रॉलीच्या चाकाची दोन बेअरिंग घातली, ग्रीस भरायला तोंड ठेवलं. हात चौकोनी पाइपचा, कोपऱ्याकोपऱ्यात तिकोनी आधार. बंद झाला की खटका बसतो, आणि खटका दगा देईल म्हणून वर एक पिन, पिन हरवेल म्हणून तिला साखळी. सुमंगला हसली, काका, एवढी भीती कसली. मी साखळी आणखी एकदा ओढून बघितली. शेवटी त्या हातावर मी स्वतः चढून उड्या मारल्या, आणि माझं वजन काय झालंय ते वर लिहिलंच आहे. मग नागझरच्या चिऱ्यांच्या खाणीत गाडी तीनदा खालीवर केली. परत येऊन प्रत्येक सांधा पुसून भिंगाखाली बघितला. भिंग, शांताराम. पेडण्यात पोथी वाचणारे भिंग वापरतात, वेल्डर नव्हे.

ती इथे काम बघायला येऊन बसायची तेव्हा बोलायची. तिची आई अजून त्याच आडाळीवर नारळ खवते म्हणाली. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, एक आडाळी करून माणसाबरोबर धाडली होती, आठवतं? तिचं पातं आणि पाय जिथे मिळतात तिथे मी दोनदा वेल्डिंग केलं होतं, नारळ खवायच्या आडाळीला रेल्वेचा पूल असल्यासारखं. मग बोलता बोलता ती म्हणाली की तू गाडी चालवत नाहीस. तिला शिकवलंस ते शेजारच्या सीटवर बसून. नुसतं अंगणात गाडी मागे घ्यायची असली तरी तिला हाक मारतोस, पण ड्रायव्हरच्या सीटवर बसत नाहीस. कारण विचारलं की म्हणतोस, माझ्या हातून एकाचा पाय गेलाय. हे ती अगदी सहज बोलली, घरातली जुनी गोष्ट सांगावी तशी. माझा चहा गार झाला.

आता सुर्ल्याचं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण मी कुठे उभा होतो ते तुला माहीत नाही, म्हणून. खाणीच्या रस्त्याला बाबुरावांच्या जागेत माझी ती पत्र्याची शेड, आणि तू त्यांच्या जीपवर ड्रायव्हर. बाबुराव खाणीवर वाहतुकीचे ठेकेदार, आपल्या दोघांचेही अन्नदाते, आणि त्यांना घाई नेहमी पहाटेपासून. त्या वाटांवर दिवसाला दोन पंक्चर ठरलेली. स्टेपनी मागच्या सीटवर पडलेली असायची, आणि पाहुणे आले की तिला मांडीवर घेतल्यासारखे बसायचे. म्हणून बाबुरावांनी सांगितलं, दसऱ्याच्या आत जीपला मागून कॅरिअर कर. तेव्हा असलं काही कुठे तयार मिळत नव्हतं. आपण दोघांनी जमिनीवर खडूने चित्र काढलं, तू टायर धरून उभा राहिलास आणि मी मापं घेतली. तू बाबुरावांना सांगितलंस, आमच्या गोकुळदासाच्या हातचा सांधा हत्तीने ओढला तरी सुटायचा नाही. मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो, ते ऐकून चार अंगुळं वर चालायला लागलो.

आणि आमच्या शेडचा नियम तुला पाठ होता. काम अपुरं असेल तर त्यावर खडूची फुली. रंग सगळ्यांत शेवटी. रंग दिसला की काम झालं, ड्रायव्हर न विचारता किल्ली लावून गाडी घेऊन जायचे. माझ्या बाबांनी घालून दिलेला नियम, आणि सबंध खाणीला तो ठाऊक होता.

नवमीचा दिवस. शिंपी शिवण मारण्याआधी कच्चे टाके घालतो तसे मी चौकट जागेवर धरून चार कोपऱ्यांत चार टाके मारले, वालाच्या दाण्याएवढे. आता सांधे पूर्ण भरायचे, एवढंच उरलं. आणि दुपारी बाराला लाइट गेली. एक वाजला, दोन वाजले. बाबुरावांचा माणूस दोनदा विचारून गेला, सकाळी पूजेला जीप हवी. मी म्हटलं, तोवर रंग तरी लावून घेऊ, लाइट आली की सांध्यापुरता जाळून वेल्डिंग करू. मी काळा रंग लावला. फुली रंगाखाली गेली. चार वाजले तरी लाइट नाही, तेव्हा मी वेल्डिंगचा सेट पुसला, हळदकुंकू लावलं, रोजांची, म्हणजे झेंडूची माळ घातली, पुढे नारळ ठेवला. बाबा म्हणायचे, एकदा हळद लागली की यंत्र देवाचं, दसरा सरेपर्यंत त्याला हात लावचो नाय.

सव्वापाचला लाइट आली.

अर्ध्या तासाचं काम होतं, शांताराम. माळ बाजूला ठेवून, देवाला गाऱ्हाणं घालून अर्धा तास काम केलं असतं तर कुठलाही देव कोपला नसता. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आलो की हळद लागली होती म्हणून हात लावला नाही. तीही लबाडीच. मला पेडण्याला घरी जायचं होतं, आणि साडेपाचची बस चुकली तर म्हापशाहून पुढची गाडी मिळत नव्हती. आमच्या गंगाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं, दसऱ्याला घरात बोलणी, बहिणीचं लग्न असताना मी नसलो तर कसं. बस गाठायची म्हणून देवाचं नाव पुढे केलं. मनात म्हटलं, उद्या दसरा, जीप दिवसभर माळा घालून उभीच राहणार, परवा काहीतरी निमित्त काढून गाडी परत आणायला सांगू आणि सांधे भरून टाकू, कुणाला कळणार?

तेवढ्यात तू गाडी न्यायला आलास. कॅरिअरभोवती फिरलास, म्हणालास, झक्कास. मी तुला काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "रंग ओलो आसा, हात लावू नको." एवढंच. रंग ओला आहे हे सांगायला मला तोंड होतं. सांधा कच्चा आहे हे सांगायला नव्हतं, कारण तू बाबुरावांसमोर हत्तीची बढाई मारून बसला होतास आणि मला तुझ्या नजरेत खाली उतरायचं नव्हतं. तू किल्ली लावलीस. मी पिशवी उचलून बसकडे पळालो.

पुढचं तू जगलास, मी फक्त ऐकलं. पूजेला कॅरिअर ओका दिसू नये म्हणून सकाळी तू स्टेपनी चढवलीस. नारळ फुटला, आणि बाबुरावांनी तुला खालच्या वजनकाट्यावर प्रसाद पोचवायला पाठवलं. उतारावरच्या त्या चरात जीप आपटली आणि टायर चौकटीसकट सुटून घरंगळत गेला. काट्यावरचा कारकून पांडुरंग सायकल हातात धरून वर येत होता, प्रसादालाच. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मी त्या वेळी पेडण्यात लोकांना आपट्याची पानं वाटत होतो. दिवेलागणीला एक ट्रकवाला सांगत आला, सुर्ल्याला जीपचा टायर सुटला, ड्रायव्हर प्यालेला होता म्हणतात. हातातली पानं तशीच राहिली. मला त्याच क्षणी कळलं काय सुटलं होतं आणि का. आईला म्हटलं पोटात दुखतंय, आणि खाटेवर पडून राहिलो.

तू थेंबही न घेणारा माणूस. तुझ्या वडिलांनी दारूपायी काय केलं ते तू मला एकदाच सांगितलं होतंस, म्हणून मला माहीत. तरी सबंध खाण म्हणाली शांताराम प्यालेला होता, आणि तू एक शब्द बोलला नाहीस. बाबुरावांना सांगितलंस, गाडी जोरात होती, चूक माझी. त्यांनी प्रकरण वाढू दिलं नाही, तुला कामावरून काढलं आणि मिटवलं. दुसऱ्या दिवशी मी शेडवर आलो तेव्हा तू तुटलेला कॅरिअर आणून मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होतास, तुटलेली बाजू भिंतीकडे, वर गोणपाट. मला म्हणालास, "हो तुजो. मोडून टाक." मला वाटलं, तुला तो डोळ्यांसमोर नको झालाय. मी त्याचे तुकडे केले, इतके बारीक की कुणी जुळवून बघू नयेत. तिसऱ्या दिवशी तू दोडामार्गच्या बसने गेलास. मी शेडमध्ये होतो, बस समोरून गेली, मी बाहेर आलो नाही. तोंडावर काच धरून काही जोडत नसतानाही वाकून बसलो होतो.

गंगाच्या लग्नात तिने तीनदा विचारलं, शांतारामदादा का येऊक नाय. मी म्हटलं, त्याला सुट्टी नसेल. नोकरीवरून काढलेल्या माणसाला सुट्टी नसेल म्हणालो बघ. पुढे खाणी बंद पडल्या, शेड गेली, मी पेडण्याला आलो, नवी शेड टाकली, हाताखाली कुणाला ठेवलं नाही. लोक म्हणतात गोकुळदास फार चिकट, एका सांध्यावर दिवस काढतो. लोकांना चिकटपणा दिसतो. मला मात्र प्रत्येक वेळी वालाएवढे चार टाके दिसतात.

या बुधवारी मी सुर्ल्याला जाऊन पांडुरंगाला भेटलो. का गेलो ते शेवटी सांगतो. तो आता सत्तरीच्या घरात आहे, एक पाय आखूड, बुटाला खालून जाड टाच. त्याच्या बायकोने, चंद्रावतीवहिनींनी, चहाबरोबर उंडे पाव पुढे केले. मी उभा राहूनच सगळं सांगितलं, टाके, लाइट, हळद, बस, तुझ्या तोंडचं ते झक्कास. माझी अपेक्षा होती तो काठी उचलेल. त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "पांय गेलो तो गेलो रे. पूण त्या मनशाक हांवें पंचवीस वर्सां बेबदो म्हळें." बेबदो, दारुडा. आपल्या मुलांना, नातवंडांना, प्रत्येक दसऱ्याला तो हेच सांगत आलाय, की एका बेवड्या ड्रायव्हरने माझा पाय घेतला. पायापेक्षा त्याला ते जास्त लागलं. निघताना त्याने मला दारापर्यंत सोडलं, त्या आखूड पायाने, आणि म्हणाला, शांतारामाकडे जाशील तेव्हा मला घेऊन जा. मी रस्त्याला लागलो आणि मोटरसायकल कडेला लावून रडलो. या वयात, भर दुपारी, उजेडात.

आता सुर्ल्याला का गेलो आणि हे पत्र का लिहितोय ते. मंगळवारी सुमंगलाचं काम संपलं. मी रंगाचा डबा काढला, ब्रश झाडला, झाकणाखाली पाना घालणार तोच तिने हात आडवा धरला. "काका, रंग मारू नकात. बाबांनी सांगान धाडल्यानी, रंग मारूच्या आधी गाडी माका दाखवूक हाड." रंगाआधी गाडी बापाकडे दाखवायला न्यायची, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, ती आपली आठवणीने निरोप सांगत होती. मी मात्र पाना हातात घेऊन तिथेच स्टुलावर बसलो. पंचवीस वर्षं मी समजत होतो की तुला काही माहीत नाही. मग गोणपाटाखालची ती तुटलेली बाजू आठवली. तुटलेला सांधा लपत नाही. जिथे लोखंड एकजीव झालेलं असतं तिथे ते फाटतं, जिथे नुसतं टेकलेलं असतं तिथे कड कापल्यासारखी गुळगुळीत राहते. माझ्या शेडमध्ये रोज बसणाऱ्या तुला ते दिसलं नसेल? तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून ती बाजू भिंतीकडे होती, म्हणून तू मोडून टाक म्हणालास, म्हणून गाडी जोरात होती म्हणालास. माझी शेड बाबुरावांच्या जागेत, महिन्यावर गंगाचं लग्न, तिच्या हातचं तू जेवलेला, तेव्हा तू ते बेबदोपण स्वतःच्या कपाळी लावून घेतलंस आणि तुझ्या मुलीला सांगत राहिलास की गोकुळदास काम अर्धं सोडत नाही. ती कोपरखळी होती की विश्वास होता, मला कळत नाही, आणि विचारायचं धाडसही नाही. मला माफ कर. हे दोन शब्द लिहायला मी एवढी पानं घेतली. गाडी रंगाविना पाठवतोय. प्रत्येक सांधा उघडा आहे, त्यावर बोट फिरवून बघ, हवं तर घण घालून बघ. बंपरवर खडूची फुली आहे, ती मी पुसणार नाही, तू पुसायची. पटलं नाही तर मोडून टाक, मी दुसरा करीन, तिसरा करीन. पटलं तर बुधवारी दसरा आहे, निरोप धाड, पांडुरंगाला घेऊन येतो. तू बोलावल्याशिवाय येणार नाही. रंगाचा डबा ड्रायव्हरच्या सीटखाली आत सरकवून ठेवलाय. बाहेरून वाकून हात पोचत नाही, त्या सीटवर बसूनच तो काढावा लागेल. झाकण मी उघडलेलं नाही.

तुझाच,
गोकुळदास